भांडण तुमचं, लुगडं माझं

यमू, तुझ्या भावाला मी दारातून परत पाठवला. तू अंगणात आडवी होतीस, तुला दिसलं नसेल, म्हणून सांगतो.

बाळाराम तुझ्या माहेराहून, जोह्याहून आला तेव्हा बायकांची तुला आंघोळ घालून झाली होती. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं लुगडं होतं. मागे त्याची बायको सुलोचना, तिच्याकडे बांगड्या आणि कुंकवाची पुडी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं पडतं, मगच तिला उचलतात, हे आपल्या अख्ख्या वरसे गावाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. म्हणून तर मी तीच वेळ धरली. चारचौघांत म्हणालो, "बाळ्या, जिवंत व्हती तेव्हा देवाच्या डोळ्यांवरनं उठवून तिला उंदरांवर बसवलीस. आता लुगडं आणतोस व्हय? उचल आणि चालू पड."

आपली मंगल रडत म्हणाली, "बाबा, घ्या हो. आईचं आहे ते." मी नाही घेतलं. शेजारच्या कुसुमने रोह्याच्या बाजारातून आणलेली साडी तुझ्या अंगावर टाकली आणि तशीच तुला उचलली. बाळाराम मान खाली घालून चिखल तुडवत एसटी स्टँडकडे गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. ज्या माणसाचं थोबाड बघायचं नाही म्हणून सात वर्षं मी जोह्यात पाऊल टाकलं नव्हतं, तो असा परत जाताना बघून मला फार बरं वाटलं. कुंडलिकेच्या काठी पोचेपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. तुला लाकडांवर ठेवली आणि ते उतरलं.

कारण तुझं बोलणं आठवलं. दोन वर्षांपूर्वी ओटीवर वाल निवडताना तू म्हणाली होतीस, "हे बघा, मी आधी गेले तर मला माहेरचं लुगडं पायजे. तेव्हा नाटकं करू नका." मी म्हणालो, "त्या बाळ्याच्या हातचं? जाळून टाकीन." तू सुपातले खडे वेचत राहिलीस आणि वर न बघता म्हणालीस, "भांडण तुमचं, लुगडं माझं."

म्हणजे सूड मी त्याच्यावर घ्यायला गेलो आणि बसला तुला.

परवा तुझा तेरावा झाला. काल मी जोह्याला जाऊन आलो. तिथं काय झालं ते सांगतो, पण आधी माझा राग सांगू दे. जिवंतपणी तू तो कधी पुरता सांगू दिला नाहीस. मी तापलो की अर्ध्यात उठून चूल बघायला जायचीस. चुलीवर काही नसलं तरी जायचीस.

पहिला राग तुझ्या डोक्यातल्या त्या गाठीवर. पेणच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवरून तू घसरलीस आणि डोकं आपटलं, तिथून हे सगळं सुरू झालं. नसतीस पडलीस तर आपल्याला कधी कळलंच नसतं. टाके पडले, डोक्याचा फोटो काढा म्हणाले, तो काढला तर मार काहीच लागलेला नव्हता, आणि भलत्याच जागी पांढरा ठिपका. तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तो डॉक्टर मंगलपेक्षा लहान असेल. म्हणाला, "मावशी, घाबरू नका. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. फार हळू वाढते. कधी कधी वाढतही नाही. जागा अवघड आहे, काढायला गेलो तर आत्ता नाही तो त्रास मागे लागेल. आपण लक्ष ठेवू. दर सहा महिन्यांनी फोटो."

मी विचारलं, "लक्ष ठेवू म्हंजे करायचं काय?"

"काही नाही करायचं."

"काय नाय करायचं, हे सांगायला येवढे शिकलात?"

तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास. चांगला जोरात दिलास. बाहेर आल्यावर म्हणालीस, "त्याच्या जागी तुम्ही असता तर विळा घेऊन डोकंच फोडलं असतंत माझं." फोडलं असतं. शेतात तण दिसलं तर आपण काय करतो? उपटतो. बांधावर बसून ते किती वाढलं ते बघत नाही. कंपनीत तीस वर्षं काढली मी, धाटावला. पाइपला गळती दिसली की शिफ्ट संपायच्या आत बंद करायची, उद्यावर टाकायची नाही, एवढं एकच मला येत होतं. आणि इथं तुझ्या डोक्यात गळती आणि मला सांगतात, बघत बस.

मग मी बघत बसलो. तुला विहिरीवरून येताना बघायचो, हंडा कलतो का. चहा ओतताना बघायचो, बशीत सांडतो का. सकाळी उठल्या उठल्या विचारायचो, "काल भाजी काय केली व्हतीस?" तू म्हणायचीस, "तुम्हाला आठवत नाय म्हणून मला विचारता व्हय?" एकदा तर विळीवरून उठलीस आणि म्हणालीस, "मी काय म्हैस हाय का, गाभण ऱ्हायली का बघायला रोज मागं मागं फिरता?" गाठ तुझ्या डोक्यात होती, आजारी मी पडलो होतो. तुला ना डोकेदुखी, ना चक्कर. पोह्याचे पापड लाटत होतीस, कुसुमच्या सासूच्या नकला करत होतीस, माझी कळ काढत होतीस.

तो फोटो तू खिडकीत उजेडाला धरलास आणि त्या पांढऱ्या ठिपक्यावर वालाचा दाणा ठेवून बघितलास. बरोबर बसला. "वालायेवढी हाय," म्हणालीस. तो दाणा चिंधीत बांधून पाकिटातच ठेवलास. सहा महिन्यांनी नवा फोटो आला की पुन्हा दाणा ठेवायचा. बसला की आपण दोघं सुटलो म्हणायचो. तिसऱ्या खेपेला तू डॉक्टरला दाणा दाखवलास तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अहो मावशी, फोटोत सगळं लहान करून छापतात." मी काळजीत पडलो. तू परत येताना गाडीत म्हणालीस, "मग खरी चिंचोक्यायेवढी असंल. असू दे. वाढली नाय ना." त्या दाण्यावर विश्वास ठेवून आपण दीड वर्ष सुखात झोपलो होतो, आणि तुला त्याचं हसू येत होतं.

त्या गाठीला मी रोज शिव्या दिल्या. मनातल्या मनात म्हणायचो, एकदा सापड, मग बघतो. सापडली तेव्हा ती चितेवर सापडली. आणि तिला आग लावायची तर तुझ्यावरून लावावी लागली. तिथंही तेच झालं बघ.

आता बाळारामवरचा राग.

तुझ्या बापाचा कारखाना. तू परकर घालत होतीस तेव्हापासून त्या कारखान्यातल्या गणपतींच्या डोळ्यांची आखणी तुझी. लग्न होऊन रोह्याला आलीस तरी आषाढ लागला की तुझी पिशवी भरलेली. मी कुरकुरलो तर म्हणायचीस, "देव आंधळे ठेवू व्हय तुमच्या भाकरीपायी?" बाकी रंग कोणीही द्यायचे, सोवळं, दागिने, सोंड. डोळे फक्त तू. मी एकदा मागे उभा राहून बघितलं होतं. तू श्वास धरून पापणीची एक रेघ ओढायचीस आणि इतका वेळ नुसतं मातीचं असलेलं ते तोंड एकदम तुझ्याकडे बघायला लागायचं. माझ्या अंगावर काटा आला होता. तुला नाही सांगितलं. तुला कौतुक सांगायची मला सवय नव्हती. सांगायला पाहिजे होतं, आता सांगतोय.

तुमच्या बापाचा नियम होता, दोन्ही डोळे एका हाताने, एका बैठकीत. एक डोळा काढून जेवायला उठायचं नाही, बोलायचं नाही, देव अर्धवट बघत राहतो. मोठा गणपती असला की तुझी दुपार टळायची.

पडलीस त्याच वर्षीच्या श्रावणात मी तुझ्याबरोबर जोह्याला आलो. कारखान्यात माझं काही काम नव्हतं, लक्ष ठेवायला आलो होतो. तो सोमवार होता. पेणच्या एका मंडळाचा मोठा गणपती, तू माचावर चढून बसलेली. मी खालून बघत होतो. उजव्या डोळ्याची रेघ ओढताना तुझा हात कापला. तू हात मागे घेतलास, मनगट चोळलंस, पुन्हा टेकवलास. पुन्हा कापला.

आली, म्हटलं, गाठ हातात आली.

संध्याकाळी तू उपास सोडलास तेव्हा मला कळलं की तुझा श्रावणी सोमवार होता आणि त्या डोळ्यांपायी तू सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस. हात भुकेने कापत होता. भात खाल्लास आणि कंदील धरून तोच हात मला दाखवलास, "बघा, कापतो का." नाही कापला. पण तोवर मी जे करायचं ते करून बसलो होतो. ते पुढे सांगतो. इतकी वर्षं नाही सांगितलं, आता एवढ्यात काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ब्रश धुऊन फळीपाशी बसलीस तर बाळाराम आला आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "आक्का, तू आता उंदीर घे. डोळे मी काढतो."

तू म्हणालीस, "कशापायी?"

"तुझ्या डोक्यात गाठ हाय म्हंतात. गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर? घरात काय वाईट घडलं तर म्हंतील, आजारी बाईनं काढलेले डोळे व्हते."

"कोणी सांगितलं तुला?"

तो ब्रश पुसत राहिला. सुलोचना दारात माती मळत होती, तिने मान वर केली नाही. तू पडलीस तेव्हा ती तुला बघायला रोह्याला आली होती आणि डोक्याचा फोटो काढला एवढं तूच तिला बोलली होतीस. तू तिच्याकडे एकदा बघितलंस आणि ठरवून टाकलंस.

भांडशील असं मला वाटलं होतं. तुझ्या बापाचा कारखाना, तुझ्यानंतर सहा वर्षांनी जन्मलेला भाऊ, नाक पुसलंयस तू त्याचं. तू उंदरांची फळी ओढलीस आणि बसलीस. संध्याकाळपर्यंत दोन फळ्या उंदीर केलेस. एकेकाचे डोळे असे, की लाडवाकडे बघतोय की तुझ्याकडे कळू नये. एक कामगार हळूच म्हणाला, "आक्का, उंदराला येवढं कशाला?" तू म्हणालीस, "त्याला पन दिसाया नको व्हय?" मग ब्रश धुतलेस, पिशवी घेतलीस आणि त्या कारखान्यात पुन्हा कधी गेली नाहीस.

परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "सुलूनं केलं हे." मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पावसाने बुडालेली मिठागरं होती, बघण्यासारखं काही नव्हतं. मी पेण येईपर्यंत बघत राहिलो.

त्या वर्षीपासून मी जोह्याचा गणपती घरात आणला नाही. ती माझी खेळी. पेणहून दुसरीकडून आणायचो आणि बाळारामच्या कानावर जाईल अशा माणसाला मुद्दाम सांगायचो. पण तू पहिल्याच वर्षी त्या मूर्तीसमोर बसलीस, मान इकडे तिकडे केलीस आणि म्हणालीस, "ह्यो बघतोय कुठं? ह्याची नजर तर वाशाला लागलीय." पिशवीतून ब्रश काढलास. पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी दोन्ही डोळे पुसून नवे काढलेस. कुसुम हळदीकुंकू मागायला आली ती बघत उभीच राहिली. मग म्हणाली, "काकी, आमच्या बाप्पाचं बी बघा ना जरा, रागावल्यासारखा दिसतो."

तू जाऊन बघून आलीस. म्हणालीस, "रागावलेला नाय गो, झोप अनावर झालीय त्याला. आण."

पुढच्या वर्षी आळीतले पाच आले, त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. आपल्या पडवीत रांग. तुझा हात कधी कापला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून बघायचो, आणि जोह्याच्या दिशेने तोंड करून मनात म्हणायचो, बघ रे बाळ्या, बघ. तुला हे ठाऊक होतं. म्हणायचीस, "मी देवाचे डोळे काढते, तुम्ही भावाचे काढा." तुला सूड घ्यायचा नव्हता. तुला काम करायचं होतं. ह्यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचीस, तो घाबरला, दुसरं काय. मी म्हणायचो, घाबरून बहिणीला उंदरांवर बसवणारा भाऊ कसला. तू म्हणायचीस, "तुम्ही नाय घाबरत?" मी म्हणायचो, नाय. हे बोलताना मी तुझ्याकडे बघायचो नाही.

भावावरचा राग तू दोन वर्षांत सोडून दिलास, पण सुलोचनावरचा नाही. तिने पाठवलेले पापड तू परस्पर कुसुमला दिलेस. एका दिवाळीला ती स्वतः आली. तू पाणी दिलंस आणि परसात जाऊन जास्वंदीला पाणी घालत बसलीस, पाऊण तास. ओटीवर ती आणि मी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी पायाच्या नखाकडे बघितलं. ती उठली, म्हणाली, "येते भावोजी," आणि गेली.

आणि मग ते, ज्याची सात वर्षं धास्ती घेतली ते झालंच नाही. आषाढात सकाळी तू मोड आलेले वाल सोलत बसली होतीस, बिरडं करायचं होतं. म्हणालीस, "जरा पाणी द्या." मी तांब्या घेऊन आलो तर तू भिंतीला टेकली होतीस आणि मांडीवरचं ताट कलंडलं होतं. रोह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. मी विचारलं, "गाठीनं केलं ना?" ते म्हणाले, "गाठीचा काही संबंध नाही." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. मंगलच्या नवऱ्याने धरलं. संबंध नाही म्हणजे काय? सात वर्षं काठी घेऊन बांधावर बसलो, रानडुक्कर येईल म्हणून, आणि शेत मुळातल्या किडीने नेलं. त्या गाठीपायी तुझं माहेर गेलं, हातातलं काम गेलं, भावजय गेली. आणि गाठीने तुझं काहीच केलं नव्हतं. शेवटच्या फोटोतही दाणा बरोबर बसला होता.

मग हे सगळं केलं कोणी?

आता ते सांगतो. त्या सोमवारी, तू माचावरून उतरायच्या आधी, मी कारखान्याच्या मागे गेलो. बाळाराम साचे धूत होता. मी त्याला म्हणालो, "यमूच्या डोक्यात गाठ हाय. कोणाला बोलू नको. तिला जरा हलकं काम दे." त्याचा चेहरा पांढरा पडला. तू मला डॉक्टरच्या दारातच बजावलं होतंस, कोणाला कळू द्यायचं नाही, लोक माणसाला मरायच्या आधीच भुईवर उतरवतात. मी व्हय म्हणालो होतो. चार महिने दम धरला, आणि तुझा हात कापलेला बघितला तेव्हा सुटला. मी सांगितलं, यमू. सुलोचनाने नाही. संध्याकाळी तू हात दाखवलास तेव्हा मी पळत जाऊन बाळारामला सांगायला हवं होतं की बाबा, चुकलो, उपास होता. नाही गेलो. लाज वाटली. सकाळी त्याने तुला उंदीर दिले तेव्हा तिथंच बोलायला हवं होतं. एसटीत बोलायला हवं होतं. त्या दिवाळीला परसात येऊन बोलायला हवं होतं. दर खेपेला बाळारामवर जास्त चिडलो. चिडायला तो बरा होता.

लुगडं परत पाठवलं तेही त्यातच. सुलोचना मागे उभी होती. मला वाटलं, बाळ्याने तिला सांगितलं असलं आणि ती अंगणात आली, तर आता बोलेल, तुझ्यासमोर.

काल सकाळच्या गाडीने पेणला उतरलो, तिथून जोह्याची एसटी. कारखान्यात फळ्या भरलेल्या, सगळे गणपती पांढरेफटक, बिनडोळ्यांचे. सुलोचना एका मूर्तीचा हात पॉलिशपेपरने घासत होती. उठली नाही. म्हणाली, "या भावोजी."

मी म्हणालो, "लुगडं कुठाय?"

"आता कशाला?"

"नदीवर नेतो. तिच्या नावानं सोडतो."

"सोडलं. परत आलेलं लुगडं घरात ठेवत नायत. त्याच सांजंला खाडीच्या ओहोटीला सोडलं, बांगड्या, कुंकू सगळं. वन्संची ओटी म्हणून सोडलं."

"मला विचारलंत?"

"तुमचं काय काम त्यात?"

तुझंच बोलणं तिच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. मी खाली बसलो. मग सांगून टाकलं. म्हणालो, "सुलोचना, बाळ्याला गाठीचं मी सांगितलं व्हतं."

ती घासत राहिली. "ठाव हाय."

"कवापासनं?"

"तवापासनं. ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं."

"मग सात वर्षं बोलली का नायस? ती तुझं तोंड बघत नव्हती. खुशाल नाव घ्यायचं माझं."

तिने मूर्तीच्या हातावरची भुकटी फुंकली. म्हणाली, "नाव घेतलं असतं तर वन्संनी माझं खरं मानलं असतं. मग काय? त्यांना ऱ्हायचं कोणासंगं व्हतं? माझ्यासंगं नाय, तुमच्यासंगं."

यमू, तिने शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मी त्यासाठीच गेलो होतो. तिने चहा ठेवला.

तेवढ्यात बाळाराम आला. सायकलला रंगाचे डबे. म्हातारा झालाय. मला बघून उभाच राहिला. मी म्हणालो, "तुला माफ करायला नाय आलो."

तो म्हणाला, "मी मागितली कुठं?"

तुझाच भाऊ. डबे उतरवून त्याने ते एकाला एक लावून ठेवले, मग पुन्हा हलवून पुन्हा लावले. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलला, "आक्का इथनं गेल्यापासनं डोळे मी काढतो. जुनी गिऱ्हाइकं मूर्तीकडं बघतात आन् विचारतात, आक्का नाय का आली औंदा?"

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, रोह्याला असते."

"आता काय सांगशील?"

त्याचे खांदे हलले. मला बरं वाटलं, यमू. लुगडं परत पाठवलं त्या दिवशी वाटलं होतं तसं नाही, पण वाटलं. सात वर्षं दर श्रावणात त्याला कोणी ना कोणी हे विचारत होतं आणि मला ठाऊकच नव्हतं. मी उगाच शिणलो. त्याचं त्याला मिळत होतं.

चहा मी प्यालो नाही, पण कप परत करताना सुलोचनाला म्हणालो, "तू तिची भावजय हायस." ती म्हणाली, "एसटी दोनला हाय. चुकवू नका."

तर असं. सुलोचनाचा काही दोष नव्हता, एवढं तू मनातून काढ. बाळारामला मी सोडलेलं नाही. माझं ऐकून घाबरला, ठीक. पण बहिणीला एकटीला बाजूला घेऊन न विचारता चारचौघांत उठवली, ते त्याचं. ते मी विसरणार नाही, आणि तू मध्ये पडू नकोस. मात्र जोहे लांब. तिथल्या माणसावर राग धरायचा तर वर्षातून एकदा एसटी पकडावी लागते. दुसरा इथंच आहे. तुझ्या शेजारी एसटीत तोंड मिटून खिडकीबाहेर बघणारा. तू असतीस तर त्याला दोन दिवस उपाशी ठेवला असतास, मग वाढलं असतंस. मला तेवढंही जमत नाही. आज सकाळी त्याने केलेला भात खालून करपला होता आणि वरून कच्चा होता. मी तो सगळा खायला लावला त्याला.